फुकटचा पेटारा : ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ या मोबाईल खेळाचे गुण आणि दोष

कापूस वेचणीचे दिवस सुरू झाले की केळापूर तालुक्यातील मजुरांच्या घरांचे वेळापत्रकच बदलून जाते. आई-वडील सकाळीच भाकर बांधून शेताची वाट धरतात आणि दिवस मावळल्यावर परततात. घरी आजी असते, धाकटी मुले असतात आणि एक मोबाईल असतो. हा मोबाईल बहुतेक घरांत २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा आला. ‘ऑनलाईन अभ्यास’ म्हणून हातउसने करून घेतला गेला. शाळा पुन्हा भरल्या, ऑनलाईन अभ्यास संपला, मोबाईल मात्र घरात राहिला.

“पोट्टं दिवसभर त्या मोबाईलातच घुसून राह्यते,” ही तक्रार पांढरकवड्याच्या बाजारात, जिनिंगच्या फाटकाशी, एस.टी.च्या रांगेत कुठेही ऐकायला मिळते. पण ते पोट्टे आत घुसून नेमके काय करते, असे विचारले तर उत्तर एकच : “गेम खेळते, अजून काय!”

वाचकहो, गेम या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. एखाद्या खेळात केवळ वेळ जातो. एखाद्यात पैसा जातो. आणि एखाद्यात आज वेळ जातो, पण उद्या पैसा घालविण्याची सवय आजच अंगी भिनते. पत्ते म्हटले की घरातला झब्बू आणि पारावरची तीनपत्ती यांतला फरक आपल्या आई-आजीला बरोबर कळतो. मोबाईलच्या खेळांत तो फरक कळावा म्हणून या अंकात आम्ही एकाच खेळाची उघडझाप करून दाखविणार आहोत. खेळाचे नाव ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’. प्रस्तुत लेखकाने तो काही आठवडे स्वतः खेळून पाहिला, शेजारच्या मुलांना खेळताना पाहिले, आणि मगच लेखणी हाती घेतली.

खेळ कसा आहे?

पडद्यावर एक गवताळ रान दिसते. मधोमध एक छोटासा माणूस. चित्रे ठसठशीत चौकोनी ठिपक्यांची, जणू कुणी क्रॉस-स्टिचचे भरतकाम केले आहे. आजच्या महागड्या खेळांत घामाचा थेंबसुद्धा खरा वाटतो, तेथे ही चित्रे मुद्दाम जुन्या वळणाची ठेवली आहेत. नव्वदच्या दशकात टी.व्ही.ला जोडायच्या कॅसेटवर ज्यांनी ‘कॉन्ट्रा’ खेळला, त्यांना ही चित्रे पाहताच आपले बालपण आठवेल. या खेळाचा खरा पूर्वज मात्र १९८६ साली जपानच्या कोनामी कंपनीने काढलेला ‘कॅसलव्हेनिया’. त्यातही चाबूक घेतलेला वीर पिशाच्चांशी लढतो.

चारी बाजूंनी वटवाघळे येतात, मग प्रेते चालू लागतात, सांगाडे येतात. खेळाडूने फक्त बोटाने आपल्या माणसाला इकडेतिकडे हलवायचे. शस्त्र आपोआप चालते. गोळी झाडण्याचे बटणच नाही! बंदुकीच्या खेळांत नेम धरावा लागतो. इथे नेम धरायचा नसून वाट काढायची आहे. मेलेल्या शत्रूच्या जागी निळे खडे पडतात, ते वेचायचे. पुरेसे खडे जमले की एक पायरी वर चढता येते आणि तीन-चार वस्तूंतून एक निवडायला मिळते : चाबूक, जादूची कांडी, सुऱ्या, कुऱ्हाड. लसूणसुद्धा! लसूण घेतला की आपल्याभोवती एक वलय तयार होते आणि त्यात शिरणारा शत्रू भाजून निघतो. आमच्याकडची मुले या लसणावर फार खूश आहेत. भूक लागली तर दिव्यांत लपलेली भाजलेली कोंबडी सापडते, ती खाल्ली की अंगात बळ येते.

असा हा डाव तीस मिनिटे चालतो. तिसावे मिनिट भरले की खुद्द मृत्यू कोयता घेऊन येतो आणि सामान्य खेळाडूला संपवून टाकतो. पण तेथवर तग धरला तर डाव जिंकल्याचे धरले जाते. म्हणजे जिंकणाऱ्याचाही शेवट मरणातच. एका चौथीतल्या मुलीने यावर आम्हाला विचारले, “मग जिंकलो कसे?” तिला आम्ही समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. (नावात व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च असले तरी मूळ खेळात तो शोधूनही सापडत नाही, ही या खेळातली जुनी थट्टा आहे.)

‘रोग’ म्हणजे आजार नव्हे

या जातीच्या खेळांना ‘रोगलाईक’ म्हणतात. नाव ऐकून घरातली वडीलधारी मंडळी दचकतील. पण हा रोग आपल्याकडचा नव्हे. इंग्रजीत रोग म्हणजे लुच्चा, भटक्या इसम. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. त्यात चित्रे नव्हतीच. वीर म्हणजे एक चिन्ह आणि राक्षस म्हणजे ए पासून झेड पर्यंतची सव्वीस अक्षरे. त्या खेळाची दोन वैशिष्ट्ये होती. एक, भुयाराचा नकाशा दर वेळी नवा तयार होई, त्यामुळे पाठांतर करून जिंकता येत नसे. दुसरे, मेले की संपले. पहिल्यापासून सुरुवात.

‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ने यातला दुसरा नियम अर्धाच पाळला आहे आणि येथेच त्याच्या गुणदोषांची गाठ आहे. डावात मेलात तर त्या डावातली शस्त्रे गेली. पण वेचलेली सोन्याची नाणी शिल्लक राहतात. त्या नाण्यांनी पुढच्या डावासाठी कायमचे बळ घेता येते : थोडे जास्त रक्त, थोडा जास्त वेग, थोडा जास्त मार. नवी पात्रेही त्याच नाण्यांनी खुली होतात. म्हणजे हरणाऱ्यालाही मजुरी मिळते. आणखी एक सोय अशी की, विकत घेतलेले बळ परत करून नाणी मागे घेता येतात, एक नाणेही कापले जात नाही. चुकीची वस्तू घेतली म्हणून मुलगा रडत बसत नाही. तो परत करतो आणि दुसरी रीत करून पाहतो.

पहिल्या काही दिवसांत ही रचना फार गोड वाटते. गणितात नापास झालेल्या मुलाला कुणी तरी ‘पुन्हा बस, यावेळी पाच गुण आधीच दिले आहेत’ असे सांगावे, तसे. पण मग प्रश्न पडतो की, पंधराव्या दिवशी तो जिंकतो ते हात बसल्यामुळे की गाठीला नाणी जमल्यामुळे? जुन्या ‘रोग’मध्ये खेळाडूपाशी फक्त शहाणपण साठत असे, येथे भांडवल साठते. प्रस्तुत लेखकाने एक प्रयोग केला. सगळे बळ परत करून रिकाम्या हाताने डाव मांडला. अकराव्या मिनिटाला गारद! तेच बळ पुन्हा घेतले तर तीस मिनिटे सहज गेली. अर्थात हात थोडा बसला होता हेही खरे, नाही तर अकरा मिनिटेही निभावली नसती.

पेटाऱ्यातला उजेड

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मोठा शत्रू पडला की एक पेटारा पडतो. तो उघडताना खेळ थांबतो, संगीत सुरू होते, रंगीत किरणे वर उसळतात, नाण्यांचे कारंजे उडते, वस्तू भराभर फिरत वर जातात आणि थांबतात. बहुधा एक वस्तू मिळते. कधी तीन. क्वचित पाच, आणि पाच आल्या म्हणजे मुले घर डोक्यावर घेतात. सबंध खेळात हातून काही न करता नुसते पाहत राहावे असे हेच क्षण, आणि मुले वाट पाहतात तीही याच क्षणांची.

हा उजेड आला कोठून? खेळाचा कर्ता लुका गॅलान्टे हा इटालियन प्रोग्रामर. इंग्लंडात स्थायिक झालेला. हा खेळ करण्यापूर्वी त्याने जुगाराच्या यंत्रांच्या उद्योगात काम केले होते. दांडा ओढला की चित्रे फिरतात, नाणी खळखळतात, ती यंत्रे माणसाला खुर्चीत कशी खिळवून ठेवतात, कोणता आवाज, कोणता रंग, किती थांबा, हे त्याला पोटापाण्यासाठी शिकावे लागले होते. ती विद्या त्याने या पेटाऱ्यात ओतली, आणि ही गोष्ट त्याने लपवून ठेवलेली नाही.

जुगार म्हटला की आपल्या भागात आधी मटका आठवतो. कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : मटक्याचा जन्मच कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडला किती आणि बंद झाला किती, हे आकडे तारेने मुंबईला येत आणि त्यांवर पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्यातले शब्द तेथूनचे. १९६० नंतर ते आकडे येणे थांबले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची रीत पडली. १९६२ साली कल्याणजी भगतने आणि १९६४ साली रतन खत्रीने आपापला मटका सुरू केला आणि गिरणी कामगारांच्या पगारावर तो पोसला गेला. हिशेब साधा आहे. दहा अंकांतून एक अंक लावायचा. लागला तर साधारण नऊपट मिळणार. दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. हा हिशेब न येणारा माणूस विरळा. तरी लोक लावतात. कारण कधी तरी लागतो, आणि कधी लागेल ते ठाऊक नसते. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखविले होते की, दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरल्यावर थांबते. कधी मिळेल याचा नेम नसला तर चोच मारतच राहते.

तर मग ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ हा जुगार आहे काय? आमचे उत्तर : नाही. आणि ते ‘नाही’ कशाच्या बळावर, हे प्रत्येक आई-बापाने समजून घ्यावे. या पेटाऱ्याला कुलूप नाही आणि किल्ली विकत मिळत नाही. तो शत्रूला हरवून मिळतो. त्यातून निघालेली वस्तू त्या डावापुरती असते. नाणी खेळातच वेचावी लागतात. खरा रुपया देऊन पेटारा किंवा बळ घेण्याची सोयच ठेवलेली नाही. नवे प्रदेश आणि नवी पात्रे असलेली जोड-प्रकरणे पैसे देऊन घेता येतात. पण तेथे काय मिळणार आणि किती रुपयांना, ते आधीच लिहिलेले असते. दुकानातून पुस्तक घेण्यासारखे. ती न घेताही मूळ खेळ पुरा खेळता येतो.

मोबाईलवर तो फुकट का, याचीही हकिगत आहे. गॅलान्टेने हा खेळ २०२१ च्या मार्चमध्ये इंटरनेटवर फुकट ठेवला, त्याच वर्षी डिसेंबरात संगणकासाठी अगदी कमी किमतीत विकायला काढला. लोक त्यावर तुटून पडले. मोबाईलवर आणायचे ठरले तेव्हा, खेळणाऱ्याला नागविणार नाही अशा पद्धतीने धंदा करायला तयार असलेला भागीदार त्यांना मिळेना. तोवर नकला करणारे बाजारात उतरलेच होते. शेवटी ८ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी तो स्वतःच फुकट सोडला. जाहिराती आहेत, पण लादलेल्या नाहीत : मेल्यावर एकदा जिवंत व्हायचे असेल किंवा डावाच्या शेवटी जास्त नाणी हवी असतील तर जाहिरात पाहायची. नको म्हटले तर नको. पुढे ३० मार्च २०२३ रोजी ब्रिटनच्या ‘बाफ्टा’ या मानाच्या पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम खेळ म्हणून याच खेळाची निवड झाली. स्पर्धेत ‘एल्डन रिंग’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ असे प्रचंड खर्चाचे खेळ होते.

शेजारी ठेवून पाहायचे तर ‘सर्व्हायव्हर डॉट आयओ’ हा खेळ पाहावा. हॅबी कंपनीने तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे वरील खेळ मोबाईलवर येण्याआधीच, बाजारात आणला. खेळायची रीत तीच : आपण पळायचे, शस्त्र आपोआप चालणार, चहूकडून झुंड येणार. पण तेथे डाव मांडायला ‘शक्ती’ लागते, ती संपते. सामानाचे पेटारे उघडायला रत्ने लागतात आणि रत्ने खऱ्या पैशाने विकत मिळतात. पेटाऱ्यात काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या सरकारी यंत्रणेने असे पैशाचे पेटारे २०१८ साली जुगारात जमा केले. दोन्ही खेळ खेळणारी मुले बाहेरून पाहिली तर अगदी सारखी दिसतात. एकच मान खाली, एकच अंगठा हलतो.

दोष कोणते?

पैसा घेत नाही म्हणून खेळ निर्दोष ठरत नाही. पहिला दोष तोच, पेटाऱ्याचा. दहा वर्षांच्या मुलाला ‘उघड, काय निघते ते पाहू’ या हुरहुरीची गोडी लागते. उद्या तीच किरणे, तोच आवाज रमीच्या किंवा रंग ओळखण्याच्या अ‍ॅपमध्ये दिसला तर तो त्याला ओळखीचा वाटेल, परका वाटणार नाही. आमच्या ओळखीतला जिनिंगमध्ये हमाली करणारा एक तरुण असाच फुकटच्या खेळांतून मोबाईलवरच्या पत्त्यांत शिरला आणि दोन आठवड्यांची मजुरी एका रात्रीत घालवून बसला. सगळीच मुले त्या वाटेने जातील असे मुळीच नाही. पण वाट तेथून फुटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला संपत्ती नाशाची सहा दारे सांगितली, त्यांत जुगार आहे, हे वंदना-प्रवचनाला जाणाऱ्या घरांना नव्याने सांगायला नको.

दुसरा दोष शेवटच्या दहा मिनिटांचा. शस्त्रे वाढत जातात, ठराविक जोडीची वस्तू जवळ असेल तर पेटाऱ्यातून त्यांचे रूपांतर होते आणि मग पडदाभर आतषबाजी चालते. इतकी की आपला माणूस कोठे आहे तेच दिसत नाही. शत्रू आपोआप मरतात, खेळाडू नुसता उभा असतो. पहिल्या दहा मिनिटांत विचार आहे, चपळाई आहे, भीती आहे. शेवटी नुसता तमाशा उरतो. स्वस्तातला मोबाईल तापतो, अडखळतो, बॅटरी झरझर उतरते. आणि ज्या गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही तेथे उतरलेली बॅटरी म्हणजे रात्री शेतावर गेलेल्या बापाला फोन न लागणे होय. हा दोष शहरातल्या परीक्षणांत सापडणार नाही.

तिसरा, भाषा. खेळात मराठी नाही. लसूण कशाने वाढतो, कोणत्या शस्त्राला कोणती जोडी, हे सर्व इंग्रजीत. मुले रंगावरून आणि एकमेकांना विचारून शिकतात. यात थोडा फायदाही दिसला : एका सातवीतल्या मुलाला ‘ड्युरेशन’, ‘एरिया’, ‘अमाऊंट’ हे शब्द अर्थासकट येत होते. पण ज्याला वाचता येत नाही तो अंदाजाने बटण दाबतो, आणि खेळातला खरा विचार असलेला भाग, निवडीचा, त्याच्या हातून निसटतो.

लखलखाटाबद्दल एक सावधगिरीची सूचना. ज्या मुलाला फिट येतात त्याच्या हाती असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. सेटिंगमध्ये लखलखाट बंद करण्याची सोय आहे, ती सर्वांनीच वापरावी. डोळ्यांना बरे पडते.

काही वडीलधाऱ्यांनी आक्षेप घेतला की, भुताखेतांचा खेळ घरात नको, मुलांच्या मनात अंधश्रद्धा रुजेल. आम्हाला तसे वाटत नाही. येथे भूत घाबरवायला येत नाही, मार खायला येते. लसणाने प्रेत पळते हे पाहून मुले हसतात. चंद्राला भिऊन दारात लिंबू टांगणाऱ्या मालिका जास्त घातक.

गुणांच्या बाजूने

केळापूरसारख्या तालुक्यात या खेळाचा एक मोठा गुण असा की, एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत रेंज येते-जाते. २०१८ साली टी-१ म्हणजे ‘अवनी’ वाघिणीच्या दहशतीत पांढरकवडा-राळेगाव परिसराने जे दिवस काढले, ते लोक विसरलेले नाहीत. आजही रानाच्या कडेला अंधार पडल्यावर मुलांना बाहेर सोडायला आई धजत नाही. अशा घरात रिचार्ज न खाणारा, अनोळखी माणसांशी गाठ न घालून देणारा खेळ असणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘पबजी’सारख्या खेळात कोण कुठला माणूस कानात बोलेल याचा नेम नसे. येथे मुलगा एकटाच असतो.

रक्त-मांसाची किळस नाही. शत्रू माणसे नाहीत, ठिपक्यांची चित्रे आहेत. दुसऱ्याला हरवून खिजवायची सोय नाही. आणि निवड करताना डोके लागते. आत्ता मार वाढवायचा की वेग? सहाच शस्त्रांना जागा आहे, मग सातवे मोहात पाडते तेव्हा काय करायचे? आम्ही दोन भावंडांना यावर भांडताना ऐकले. भाऊ म्हणत होता कुऱ्हाड घे, बहीण म्हणत होती आधी पळायचे बघ. बहिणीचा डाव जास्त वेळ टिकला.

बहिणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बहुतेक घरांत फोन आधी भावाच्या हाती जातो आणि बहीण भांडी घासून होईपर्यंत बॅटरी संपलेली असते. खेळ चांगला की वाईट हा वाद घालताना तो कोणाच्या वाट्याला येतो, हेही जरा पाहा.

आई-वडिलांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातले आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण रोज अर्धा तास खेळणारा मुलगा आजारी नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपुढे खेळ येणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी लक्षणे तेथे सांगितली आहेत. शाळा बुडते, जेवण टळते, झोप उडते असे महिनोन्महिने दिसले तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. नुसते मारून काही होत नाही.

“पाच मिनिटं थांब ना वं माय” हे वाक्य या खेळात खरे नाही, हे ध्यानात ठेवा. डाव अर्ध्या तासाचा असला तरी तो मध्येच थांबविण्याचे बटण आहे. पाणी भरून आणायचे असेल तर मुलाने थांबवावे आणि उठावे. परत आल्यावर डाव तेथूनच सुरू होतो. घड्याळही पडद्यावरच चालू असते. ‘एक डाव, मग पुस्तक’ असा करार या खेळात करता येतो, कारण डावाला शेवट आहे. ज्या खेळाला शेवटच नाही त्यात असा करार कसा करणार?

पैशाच्या बाबतीत मात्र कडक राहावे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करून घ्या. यू.पी.आय.चा पिन मुलांना सांगू नका, ‘बाबांचा जन्म साल’ असा पिन तर मुळीच ठेवू नका. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाईन खेळांचा कायदा केला. २१ ऑगस्टला तो राज्यसभेत संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे फिरविणे गुन्हा ठरविला आहे. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा मुलगा फसला असेल तर लाजेने गप्प बसू नका. ऑनलाईन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा; जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

आता थोडे मुलांसाठी. या खेळाची पहिली आवृत्ती गॅलान्टेने जवळजवळ एकट्याने केली, तीही काही काळ बेकार असताना. सगळी चित्रे त्याने काढली नव्हती, तयार चित्रांचे संच विकत घेतले होते. वापरलेले साधन म्हणजे ‘फेझर’, जावास्क्रिप्टमध्ये खेळ लिहिण्याचे फुकट मिळणारे साधन. आपल्या राज्यातही असे काम होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगभर पोचविला. एम.एस.-सी.आय.टी.च्या वर्गात टायपिंग आणि एक्सेल शिकून परत येणाऱ्या मुलामुलींनी तेथल्या सरांना एकदा जावास्क्रिप्टबद्दल विचारून पाहावे. पडद्यावर एक चौकोन हलवायला पंधरा-वीस ओळी पुरतात. मग त्या चौकोनाच्या मागे वटवाघूळ लावायचे की आपल्या रानातला रोही, हे ज्याचे त्याने ठरवावे.